एक स्टँड, दोन वादक

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की चौदा एप्रिलच्या आसपासची रात्र डोळ्यांपुढे येते. वस्तीच्या मैदानात मंडप, मागे तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, स्टेजवर ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माईक हातात घेतलेला गायक. भीमगीते सुरू झाली की पहाट कधी होते ते कळत नाही. त्याच नावाचा दुसरा एक प्रकार जगात आहे. त्यात गायक नसतो, निवेदक नसतो. ऐंशी-नव्वद वादक काळ्या कपड्यांत अर्धवर्तुळात बसतात. समोर एक संचालक हातात बारीक काडी घेऊन उभा राहतो. तो स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, पण त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सारे वाजते. अशाच एका वाद्यवृंदाची हकीकत आज वाचकांना सांगायची आहे. ती दूर देशातली आहे, पण वाचता वाचता ती आपल्या फार जवळची आहे असे वाटेल.

२१ ऑगस्ट २००५ रोजी या वाद्यवृंदाने पॅलेस्टाईनमधील रामल्ला शहरात कार्यक्रम केला. त्याचे नाव वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा. वाजवणारी मुले-मुली विशी-पंचविशीतली. कोणी इस्रायलचे, कोणी पॅलेस्टाईनचे, कोणी सीरियाचे, लेबनॉनचे, जॉर्डनचे, इजिप्तचे, शिवाय काही स्पेनचे. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र जन्माला आले तेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरदार सोडून परागंदा झाले. १९६७ च्या युद्धानंतर उरलेला पॅलेस्टिनी मुलूखही इस्रायली लष्कराच्या ताब्यात गेला. तेव्हापासून त्या भूमीवर रक्त वाहायचे थांबलेले नाही. अशा मुलुखात ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, ती मुले एका मंचावर बसून वाजवणार होती.

पण तिथे पोचायचे कसे? रामल्लासारख्या शहरात जायला इस्रायली नागरिकांना त्यांच्याच लष्कराची बंदी. सीरिया आणि लेबनॉनच्या मुलांची अडचण उलटी. त्यांच्या देशांच्या कायद्याने इस्रायलशी कसलाही संबंध ठेवणे हा गुन्हा, आणि रामल्लाला जाणाऱ्या वाटेवर पहारा इस्रायलचा. शेवटी स्पेनच्या सरकारने पुढाकार घेतला आणि वादकांना राजनैतिक पासपोर्ट दिले. अरब मुले जॉर्डनमार्गे आली. इस्रायली मुले वेगळ्या रस्त्याने, कडक बंदोबस्तात आली. कार्यक्रम संपला आणि इस्रायली मुलांना लगोलग गाड्यांत बसवून परत नेण्यात आले. ज्यांच्याबरोबर दोन तास एका सुरात वाजवले, त्यांच्याबरोबर त्या रात्री बसून जेवणेसुद्धा शक्य झाले नाही.

या कार्यक्रमाचे चित्रण झाले होते. मी ते पुष्कळ वर्षांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिले. पाश्चात्त्य संगीतातले मला फारसे कळत नाही. तरी पहिल्या भागाने मला धरून ठेवले. मोझार्टच्या नावावर असलेली ती रचना चार फुंकवाद्यांची आहे. ओबो वाजवणारा इजिप्तचा, क्लॅरिनेट वाजवणारा सीरियातल्या दमास्कसचा किनान आझमेह, बसून आणि हॉर्न वाजवणारे दोघे इस्रायलचे. एकाने वाक्य सुरू करायचे आणि दुसऱ्याने ते अलगद उचलून पुढे न्यायचे, असे त्या रचनेत चालते. एक जण वाजवत असताना बाकीचे कान देऊन ऐकत होते, कारण न ऐकता पुढचा सूर लावताच येत नाही. त्यानंतर बेथोव्हनची पाचवी सिंफनी झाली. दारावर कोणी जोरजोरात थापा माराव्यात तशी सुरुवात असलेली ही रचना १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. तोपर्यंत ती रचणाऱ्याचे कान जायला लागले होते.

दोन मित्र

हा वाद्यवृंद उभा केला दोन मित्रांनी. एक डॅनिएल बॅरेनबॉइम. जन्म १९४२ साली अर्जेंटिनात, ज्यू कुटुंबात. दहा वर्षांचे असताना कुटुंब इस्रायलला गेले. जगातल्या मोठ्या पियानोवादकांत आणि संगीत संचालकांत त्यांची गणना होते. दुसरे एडवर्ड सईद. जन्म १९३५ साली जेरुसलेममध्ये, पॅलेस्टिनी कुटुंबात. ते अमेरिकेत साहित्याचे प्राध्यापक होते. पाश्चात्त्यांनी पूर्वेकडच्या लोकांची चित्रे कशी रंगवली आणि त्या चित्रांचा उपयोग राज्य करण्यासाठी कसा केला, हे त्यांनी ग्रंथांतून दाखवून दिले. आपला समाज कसा आहे हे आपल्याला न विचारता दुसऱ्यांनीच लिहून ठेवले, हा अनुभव आपल्यालाही आहे. म्हणून सईद आपल्याला परके वाटत नाहीत.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या एका हॉटेलात दोघांची योगायोगाने गाठ पडली आणि मैत्री जुळली. १९९९ साली जर्मनीतल्या वायमार गावी त्यांनी अरब आणि इस्रायली तरुण वादकांचे शिबिर भरवले. ते वर्ष जर्मन कवी गटे यांच्या जन्माचे २५० वे वर्ष होते. गटे यांनी इराणचा कवी हाफिज वाचला, उतारवयात पूर्वेकडच्या भाषांचा अभ्यास केला आणि १८१९ साली ‘पश्चिम-पूर्व दिवान’ नावाचा काव्यसंग्रह काढला. दिवान म्हणजे कवितांचा संग्रह, गालिबचा दिवान म्हणतो तसा. तेच नाव वाद्यवृंदाला मिळाले.

वायमारची दुसरीही ओळख आहे. गावापासून काही किलोमीटरवर बुखेनवाल्डची छळछावणी आहे. हिटलरच्या राजवटीत तिथे सुमारे ५६ हजार माणसे मेली. शिबिरातल्या मुलांना तिथे नेण्यात आले. अरब मुलांनी ते पाहिले, इस्रायली मुलांनी पाहिले आणि त्यांच्याबरोबर जर्मन मुलांनीही पाहिले. उत्तम संगीत आणि उत्तम काव्य निर्माण करणाऱ्या देशात, त्या कवीच्या गावाला लागूनच हे घडले होते. म्हणजे संगीत ऐकणारा माणूस आपोआप चांगला होतो, असे मुळीच नाही. ही गोष्ट आपल्या घरातल्यांना वेगळी शिकवावी लागत नाही.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. ते त्याला ‘कलारनेट’ म्हणत. वाद्याची पत्ती जिभेवर भिजवून, दिव्यासमोर धरून, नखाने हलकेच तपासून मग ती बसवायची, ही त्यांची रीत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे. वरात निघाली की त्यांच्या सुरावर गावातले बडे बडे लोक नाचायचे. नवरदेवाचा मामा त्यांच्या डोक्यावरून नोट ओवाळायचा आणि तेच गाणे पुन्हा वाजवायला सांगायचा. जेवणाची वेळ झाली की मात्र बँडवाल्यांची पंगत गोठ्याच्या कडेला बसायची, तीही सगळे उठून गेल्यावर. पाणी वरून ओतले जायचे. काही गावांत देवळाच्या पायरीपासून ठरावीक अंतरावर त्यांना थांबवत आणि तिथूनच वाजवायला सांगत. सूर देवळात जाऊ शकत होता, वाजवणारा जाऊ शकत नव्हता. वडिलांनी यावर कधी भाषण केले नाही. धम्मदीक्षेनंतर काही वर्षांनी त्यांनी खेड्यातल्या सुपाऱ्या घेणे बंद केले, इतकेच.

म्हणून ‘संगीत माणसांना जोडते’ असे वाक्य कोणी सहज म्हटले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : जेवायला कुठे बसवले?

स्टँडवरची समता

दिवान वाद्यवृंदाबद्दल वाचताना मी हेच शोधत होते. त्याचे उत्तर सापडले. शिबिरात ही मुले आठवडेच्या आठवडे एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकत्र सराव करतात, संध्याकाळी एकत्र बसून वाद घालतात. २००२ पासून त्यांचे उन्हाळी शिबिर बरीच वर्षे स्पेनच्या अंदालुसिया प्रांतात भरले. त्या प्रांतात काही शतके मुसलमान, ज्यू आणि ख्रिश्चन शेजारी म्हणून राहिले होते.

दुसरी गोष्ट वाद्यवृंदाच्या बैठकीची. व्हायोलिन, व्हायोला, चेलो ही तंतुवाद्ये वाजवणारे वादक जोडीजोडीने बसतात. दोघांमध्ये सुरावटीचा कागद ठेवायला एकच स्टँड असतो. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो, तेवढा वेळ बाहेरचा वाजवत राहतो. दोघांनी तोच सूर, तेवढ्याच जोराने, गज एकाच दिशेने ओढत वाजवायचा. एकाचा गज वर आणि दुसऱ्याचा खाली गेला तर ते लगेच डोळ्यांना दिसते आणि कानांना खुपते. या वाद्यवृंदात एका स्टँडवर अरब आणि इस्रायली अशी जोडी बसवण्याची पद्धत पडली. सीरियाच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा इस्रायली माणूस पाहिला तो शेजारच्या खुर्चीवर, आपल्यासाठी पान उलटताना. इस्रायली मुलाचेही तेच.

बॅरेनबॉइम यांचे म्हणणे असे की, बेथोव्हनच्या सिंफनीपुढे हे सगळे समान आहेत. बाहेर एक जण ताबा ठेवणाऱ्या राष्ट्राचा आणि दुसरा ताब्यात राहणाऱ्या समाजाचा असेल. पण स्टँडसमोर बसल्यावर दोघांना हक्क सारखा आणि जबाबदारी सारखी. चुकले तर दोघांचे चुकते. बाहेरच्या जगात जी समता अजून मिळाली नाही, ती आत बसून रोज काही तास अंगी बाणवायची.

कार्यक्रमापूर्वी ओबोवादक एक सूर लांबवतो आणि सगळे आपापली वाद्ये त्याला जुळवून घेतात. ते पाहताना मला भिक्खू सोण यांची कथा आठवली. चंक्रमण करून करून त्यांचे पाय रक्तबंबाळ झाले आणि मन निराश झाले, तेव्हा तथागतांनी त्यांना त्यांच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर वाजत नाही, ढिली सोडली तरी वाजत नाही. योग्य बेताची असेल तेव्हाच वाजते. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांना माणसाच्या प्रयत्नाबद्दल बोलायचे होते, तेव्हा त्यांनी वाद्य जुळवण्याचा दाखला घेतला. माणसामाणसांतल्या नात्यालाही तो लागू पडतो. वाद टाळून नाते ढिले सोडले तर त्यातून काही निघत नाही, आणि फक्त ताणतच गेले तर तार तुटते.

वाजवण्याचा हक्क कोणाचा?

वायमारच्या पहिल्या शिबिरातला एक प्रसंग सईद यांनी सांगून ठेवला आहे. रात्री काही अरब मुले आपले पारंपरिक संगीत वाजवत बसली होती. दुसरा एक मुलगा त्यांच्यात सामील व्हायला गेला. त्याला अडवण्यात आले. अरबी संगीत फक्त अरबच वाजवू शकतात, असे एकाने ठणकावले. त्यावर उलट प्रश्न आला : मग तुला बेथोव्हन वाजवण्याचा हक्क कोणी दिला? तू कुठे जर्मन आहेस? वाद पेटला. त्या शिबिरात जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा आले होते. त्यांचे आईवडील चिनी, जन्म पॅरिसचा, वास्तव्य अमेरिकेत. दहा-एक दिवसांनी पाहतात तो काय, अरबी संगीत अरबांखेरीज कोणाला जमणार नाही म्हणणारा तोच मुलगा यो-यो मा यांना चेलो अरबी स्वरांत कसा लावायचा ते शिकवत बसला होता!

हा प्रसंग मी दोन-तीनदा वाचला. ज्ञान कोणाचे, हा आपल्या देशातला सर्वात जुना तंटा आहे. वेद ऐकण्याचा हक्क नाही, शाळेच्या वर्गात बसण्याचा हक्क नाही, तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क नाही. वाद्यांच्या बाबतीत तर आणखी एक विचित्र प्रकार. चामडे कमावणारा, वाद्य मढवणारा खालचा. तेच वाद्य मैफलीत मांडीवर घेऊन बसणारा वरचा. हलगी, डफ, सनई वाजवणाऱ्यांच्या पिढ्यान्पिढ्या गेल्या, पण त्यांची कला ही ‘कला’ म्हणून नोंदलीच गेली नाही. ती चाकरी म्हणून नोंदली गेली.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आपल्याला त्यांच्या चरित्रांतून माहीत आहे. ग्रंथांच्या ढिगाऱ्यात, दुखणाऱ्या शरीराने, राज्यघटना आणि धम्म यांचा भार वाहत असताना हा महामानव व्हायोलिनवर सूर शोधत बसे. ते युरोपातले वाद्य आहे म्हणून त्यांनी ते परके मानले नाही. जगात जे जे उत्तम ज्ञान आहे ते माझे आहे, असा तो हक्काचा दावा होता. दुसऱ्या बाजूला भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आणि पुढे वामनदादा कर्डकांनी आपलीच डफ-ढोलकी हातात घेऊन गावोगाव चळवळ पोचवली. चाकरीचे वाद्य त्यांच्या हातात स्वाभिमानाचे वाद्य झाले. या दोन्ही गोष्टी आपल्याच घरातल्या आहेत.

एका मराठी गाण्याच्या शौकिनाने मला मजेशीर माहिती दिली. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात आपल्या सगळ्यांना पाठ आहे, फक्त ती मोझार्टची आहे हे ठाऊक नसते. १९६१ सालच्या ‘छाया’ चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या गाण्याला तीच चाल दिली. अरब देशांत लेबनॉनची महान गायिका फैरूझ हिच्या गाण्यातून तीच चाल घरोघर पोचली आहे. ३ मे २०११ रोजी बॅरेनबॉइम युरोपातल्या निरनिराळ्या वाद्यवृंदांतले वादक घेऊन इजिप्तच्या बाजूने गाझात शिरले आणि त्यांनी तिथे हीच सिंफनी वाजवली. व्हिएन्नात जन्मलेली चाल गाझाच्या श्रोत्यांना फैरूझची वाटावी आणि आपल्याला तलतची, यात बिघडले काय? सुराला जात नाही आणि मालकही नाही.

समता की समरसता?

या वाद्यवृंदावर टीका होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. ती समजून घेतली पाहिजे. इस्रायलमध्ये कित्येकांना बॅरेनबॉइम घरभेदी वाटतात. २००४ साली इस्रायलच्या संसदभवनात त्यांना वुल्फ पारितोषिक देण्यात आले. तिथे उभे राहून त्यांनी १९४८ च्या इस्रायलच्या स्वातंत्र्याच्या घोषणेतला मजकूर वाचून दाखवला. धर्म, वंश किंवा स्त्री-पुरुष असा भेद न करता सर्व नागरिकांना समान सामाजिक आणि राजकीय हक्क देण्याचे वचन त्यात आहे. मग त्यांनी विचारले, दुसऱ्या समाजावर ताबा ठेवणे या वचनाशी जुळते का? तिथे हजर असलेल्या शिक्षणमंत्री संतापल्या आणि त्यांनी व्यासपीठावरूनच त्यांचा निषेध केला. पारितोषिकाची रक्कम बॅरेनबॉइम यांनी इस्रायल आणि रामल्ला इथल्या मुलांच्या संगीतशिक्षणाला दिली. ज्या कागदावर राष्ट्राने वचन दिले, तोच कागद राष्ट्रासमोर धरून जाब विचारायचा, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. आपणही राज्यघटना हातात घेऊन हेच करतो.

दुसरी टीका पॅलेस्टिनी बाजूची आणि ती मला जास्त विचार करायला लावते. २०१० साली सांस्कृतिक बहिष्काराच्या चळवळीने या वाद्यवृंदावर आक्षेप घेतला. त्याचा आशय असा, की जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांना एका मंचावर शेजारी बसवले की जग म्हणते, पाहा, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, फक्त गैरसमज आहे. मग ताबा झाकला जातो आणि चित्र तेवढे छान दिसते. एडवर्ड सईद २००३ साली वारले होते. त्यांच्या पत्नी मरियम सईद यांनी या आक्षेपाला जाहीर उत्तर दिले आणि वाद्यवृंदाची बाजू मांडली.

हा आक्षेप वाचताना आपल्याकडचे शब्द माझ्या कानात वाजले. आपल्याला ‘समता’ हवी होती, पुढे मात्र आली ‘समरसता’. सगळ्यांनी गोडीने राहावे, भेद विसरावे, एकत्र खिचडी खावी. हक्काचा, जमिनीचा, नोकरीचा, न्यायाचा विषय तेवढा काढू नये. गावात अत्याचार झाला की शांतता कमिटी बसते. खुर्च्यांवर कोण बसते, खाली कोण बसते, आणि ‘गावाच्या शांततेसाठी’ केस मागे घ्यायला कोणाला सांगितले जाते, हे वाचकांना सांगायला नको. अशा शांततेत सगळे शांत असतात, कारण एकाचे तोंड दाबलेले असते. अशा एकोप्याचे संगीत कोणी ऐकवायला आले तर आपण सावध राहिलेच पाहिजे.

श्रीनगरचा दाखला घ्या. ७ सप्टेंबर २०१३ रोजी शालिमार बागेत मोठा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम झाला. संचालक आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, वादक जर्मनीतल्या बव्हेरियाच्या वाद्यवृंदाचे, आयोजन जर्मन दूतावासाचे. काश्मिरी वादकही त्यात वाजले. मेहतांचा हेतू चांगला होता, काश्मीरवरचे त्यांचे प्रेम खरे होते. पण प्रवेश फक्त निमंत्रितांना, सुमारे दीड हजार पाहुण्यांना. बागेभोवती जवान आणि बंदुका, शहरात बंद. ज्या काश्मिरी माणसासाठी हे संगीत होते, तो दूरदर्शनपुढे बसला होता. काही काश्मिरी लोकांनी त्याच दिवशी ‘हकीकत-ए-कश्मीर’ नावाचा आपला वेगळा कार्यक्रम भरवला. पुढच्या वेळी हे मोकळ्या मैदानात सगळ्यांसाठी व्हावे, अशी इच्छा स्वतः मेहतांनीच बोलून दाखवली. तिथेही माझा प्रश्न तोच : कोणाला कुठे बसवले?

मग दिवान वाद्यवृंदाला कोणत्या रांगेत बसवायचे? मला वाटते, स्वतः बॅरेनबॉइम यांनी याचे प्रामाणिक उत्तर देऊन ठेवले आहे. हा शांततेचा प्रकल्प नाही, असे ते सांगतात. वाद्यवृंदाने शांतता येत नाही. हा अज्ञानाविरुद्धचा प्रकल्प आहे. शेजारी कसा जगतो, त्याचे दुःख काय आहे, त्याची बाजू काय आहे, हे पटले नाही तरी ऐकायला शिकणे, एवढेच त्याचे काम. इतकी मर्यादा मान्य करणारा माणूस खोटे बोलत नाही. शिवाय तो ताब्याला ताबा म्हणतो, तेही आपल्या राष्ट्राच्या संसदभवनात उभा राहून. समरसतेचे गोडवे गाणारा असे कधी करत नाही. तिथला फरक मला इथे दिसतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकच त्रयी आहे. एकीला दुसरीपासून तोडले तर लोकशाहीचा हेतूच संपतो. ही तीन तत्त्वे आपण फ्रान्सच्या क्रांतीतून घेतलेली नाहीत, आपल्या गुरूकडून, भगवान बुद्धांकडून घेतली आहेत, असेही त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. समता सोडून नुसती बंधुता मागणारा आपल्याला फसवतो. पण बंधुता नको, नुसता हिशेब हवा, असे बाबासाहेबांनीही म्हटले नाही. हिशेब चुकता करून घ्यायचा आणि माणूसही जोडायचा. दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात म्हणूनच ती अवघड असतात. धम्मपदातले वैराबद्दलचे वचन लहानपणापासून आपल्याला पाठ आहे. अन्याय सोसावा असा त्याचा अर्थ कोणी लावला, तर तो अर्थ आपण नाकारला पाहिजे.

त्यानंतर काय झाले?

रामल्लाच्या कार्यक्रमाला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. शांतता आली नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतर इस्रायलने गाझावर जो संहार चालवला, त्यातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे २०२५ च्या मार्चमध्येच पन्नास हजारांच्या पुढे गेला होता. मारल्या गेलेल्यांत हजारो लेकरे. अशा बातम्या वाचल्या की व्हायोलिन आणि क्लॅरिनेट यांचे नाव काढायचीही लाज वाटते.

तरीही तो वाद्यवृंद फुटला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या शिबिराला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, ती मुले लंडनमध्ये पुन्हा एका मंचावर बसली. समोर ऐंशी ओलांडलेले, आजाराने थकलेले बॅरेनबॉइम होते. घरी कोणाचा भाऊ सैन्यात असेल, कोणाचे नातलग ढिगाऱ्याखाली गेले असतील. अशा वेळी शेजारच्या खुर्चीवरून उठून न जाणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. बर्लिनमध्ये २०१६ पासून दोघा मित्रांच्या नावाची संगीत अकादमी सुरू आहे. तिथे त्या मुलुखातली मुले शिकतात. त्यांना संगीताबरोबर तत्त्वज्ञान आणि इतिहासही शिकावा लागतो. नुसते हात तयार करायचे नाहीत, डोकेही तयार करायचे, हा त्यामागचा विचार.

वाचकहो, आपण सिंफनी वाद्यवृंद काढू शकणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण आपल्या विहारांत रविवारी मुले जमतात, वंदना होते. पेटी-तबला कोपऱ्यात पडून असतो. शेजारच्या वस्तीत मातंग समाजाची पोरे हलगी वाजवण्यात तरबेज आहेत, पलीकडच्या गल्लीत मुसलमान पोरे ढोल-ताशा उत्तम वाजवतात. आपल्या मुलामुलींना त्यांच्याबरोबर एका सतरंजीवर बसवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांनी एकमेकांना शिकवावे. वाद झाले तर होऊ द्यावेत, मुलांनी ते मोकळेपणाने बोलून काढावेत. नंतर जेवण एकाच पंगतीत व्हावे, आणि वाढणारे हात सगळ्या घरांतले असावेत. त्यांना स्टँड नसला तरी चालेल. दोघांत मिळून गाण्याची एक वही द्यावी आणि पान कोणी उलटायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

जयभीम.